परत आलेल्या पाकिटांचे आभार

प्रिय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

प्रश्नावली घेऊन आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नव्हतात. दरवर्षी कुणीतरी येतं. प्राचार्यांची परवानगी, एखाद्या वर्गाकडून तासाभरात खुणा करून घेणं, चहा, निरोप. त्या कागदांचं पुढं काय झालं ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही विचारतही नाही. तुम्ही मात्र मुलं महाविद्यालयात का टिकत नाहीत यावरचा प्रबंध सादर झाल्यावर परत आलात. सोबत मराठीत लिहिलेली निष्कर्षांची चार पानं होती, आणि ती तुम्ही प्राचार्यांच्या आधी आमच्या बडे बाबूंना, म्हणजे कार्यालयातल्या कारकुनांना, वाचून दाखवलीत. हे जाहीर पत्र त्यासाठीच.

मी भूगोलाचा माणूस. विद्यार्थी विकास अधिकारी हा जादा कार्यभार. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं ‘विद्यार्थी कल्याण’चं ‘विद्यार्थी विकास’ केलं. आम्ही पाटी बदलली, काम तेच ठेवलं: युवक महोत्सवाचा संघ, कमवा व शिकाची हजेरीपत्रकं, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषासाठी फोटो. दिवाळीनंतर वर्ग अर्धे का होतात, हा प्रश्न कुठल्याच फायलीत नव्हता. स्टाफरूमचं उत्तर ठरलेलं होतं, ‘मोबाइल’. आणि उपाय म्हणजे 75 टक्के हजेरीची नोटीस, पालकांच्या नावे, पोस्टानं.

तुम्ही त्या नोटिसांची परत आलेली पाकिटं मागितलीत. बडे बाबूंनी ती कपाटावर सुतळीनं बांधून ठेवली होती, टाकायला हात धजत नाही म्हणून. तुम्ही गठ्ठा टेबलावर पसरलात, तेव्हा शिपाईमामा म्हणाले, “ताई, दिवाळीनंतर गावात माणूसच नसतंय, पत्र घेणार कोण?” बीड जिल्ह्यात राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कधी निघतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कधी मिळते, सगळं माहीत होतं. पण आई-बाप उसाच्या फडावर गेले की धाकट्या भावंडांसाठी मागं राहिलेली मुलगी आणि हजेरीपटावरची लाल रेघ, या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. एखादा मुलगा तर स्वतःच अर्धा कोयता म्हणून गेलेला असायचा; ऊसतोडीत जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा.

त्या दुपारी तुम्ही अमेरिकी शिक्षण-संशोधक विन्सेंट टिंटो यांचं 1975 चं म्हणणं सांगितलंत. अभ्यासात आणि तिथल्या माणसांत जो विद्यार्थी मिसळतो तो टिकतो, असं काहीसं. मी चिडून म्हणालो, “मॅडम, हे अमेरिकेतल्या वसतिगृहांचं. आमची मुलं पाचच्या एसटीनं घरी जातात.” तुम्ही हसलात आणि म्हणालात, सर, हा आक्षेप तिकडेही घेतला गेलाय. 1985 मध्ये बीन आणि मेट्झनर या संशोधकांनी घरून ये-जा करणाऱ्यांसाठी वेगळी मांडणी केली. पैसा, कामाचे तास, घरची जबाबदारी, म्हणजे महाविद्यालयाबाहेरच्या गोष्टी, अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत आतल्या मैत्रीपेक्षा जड ठरतात. माझी तक्रार संशोधनात आधीच नोंदलेली आहे हे ऐकून मला बरं वाटलं, थोडी लाजही वाटली. वीस वर्षांत त्यातलं एक पान मी वाचलं नव्हतं.

सगळंच जमलं नाही, तेही लिहितो. तुम्ही सुचवलेली ‘सोबती गट’ कल्पना आमच्याकडे आपटली. मुली गप्प बसल्या, मुलं व्हॉलीबॉलला पळाली. पण शिष्यवृत्तीच्या अर्जांचं जमलं, आणि त्याचं श्रेय जितकं तुमचं तितकंच बडे बाबूंचं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरताना ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. मोबाइल बापाकडे, बाप कर्नाटकात उसात. लेकरू इथं संगणकासमोर बसून. तुमच्या चार पानांत ‘आर्थिक अडचण’ असा एकच शब्द होता. त्याच्या पोटात हा ओटीपी आहे हे बाबूंनी सांगितलं, आणि तुम्ही तिथल्या तिथं पेन काढून समासात लिहून घेतलंत. पाहुण्या संशोधकानं आमच्या कारकुनाचं बोलणं टिपून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता आम्ही दाखले आणि अर्ज टोळ्या निघण्याआधी उरकायला बघतो. घटक चाचणीही अलीकडे ओढली. नोटिशीऐवजी फोन करतो, तोही रात्री आठनंतर, मजूर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परतल्यावर. एका बापानं मला विचारलं, “सर, पोरीचं काही चुकलं का?” नाही म्हणालो, तर बराच वेळ तो ऊस किती आहे, थंडी किती आहे तेच सांगत राहिला.

गॅदरिंगला या. बडे बाबू विचारत होते, जुना गठ्ठा आता टाकू का. मी म्हणालो, मॅडमना विचारू.

आपला स्नेहांकित,
विद्यार्थी विकास अधिकारी,
जिल्हा बीड