चाळीच्या तुळया कुणाच्या?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या दैनिकात पुनर्विकासावर वाचकांची पत्रं येताहेत. चटईक्षेत्र, भाडं, कॉर्पस निधी, पार्किंग, सगळं वाचलं. लाकडाबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली दिसली नाही. मी सुतार आहे, शिवडीला माझा गाळा आहे, त्यामुळे माझं लक्ष तिकडेच जातं.

गेल्या दिवाळीनंतर गिरगावातल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. चाळीच्या जागी टॉवर झाला, ताबा मिळाला, आता कपाट करायचं होतं. मी विचारलं, "बाई, प्लाय की सागवान?" तर म्हणाल्या, "लाकूड माझं आहे, तुम्ही फक्त करून द्या." चाळ पाडताना त्यांनी आपल्या खोलीच्या माथ्यावरच्या तीन तुळया वाचवल्या होत्या. वाचवल्या म्हणजे विकत घेतल्या. पाडकामाचा ठेकेदार म्हणाला, लाकूड आमच्या हिशोबात धरलंय. मग घनफुटाच्या भावाने रोख पैसे मोजले, पावती नाही. पुढे चार वर्षं त्या तुळया पुतण्याच्या वसईच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होत्या. चार पावसाळे काढूनही आतल्या गाभ्याला काही झालं नव्हतं.

प्रत्येक तुळई ६ बाय ८ इंच, लांबी ९ फूट. म्हणजे ३ घनफूट एक, तिन्ही मिळून ९. वरून ऑइलपेंटचे थर आणि धुराची काजळी, बघणारा म्हणेल जळण आहे. जुन्या लाकडात खरी मेहनत खिळ्यांची. पहार आणि जंबूर घेऊन मी आणि पोरगा दोन दिवस बसलो, ३१ खिळे काढले. ३२वा सॉमिलच्या करवतीच्या पट्ट्याला सापडला. पट्टा तुटला, त्याचे पैसे मी भरले, शिव्या वेगळ्या खाल्ल्या. पण पहिली फळी उघडली तेव्हा आत मधाच्या रंगाचा, बारीक वर्षरेषांचा बर्मा साग! त्याच्या वासाने सॉमिलवाला शिव्या थांबवून बघायला आला.

हा माल आता मिळत नाही. म्यानमारने, म्हणजे जुन्या बर्माने, २०१४ च्या एप्रिलपासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. बाजारात आफ्रिकेचा, दक्षिण अमेरिकेचा लागवडीचा साग येतो, तो वापरावा लागतो, मीही वापरतो. आपला बल्लारशाचा साग उत्तमच, पण त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक चहा न पिता उठतं. मी रत्नागिरीचा, त्यामुळे बर्मा म्हटलं की मला तिथला थिबा राजा आठवतो. सागाच्या ओंडक्यांच्या हिशोबावरून त्याचं इंग्रजी कंपनीशी भांडण झालं, त्याचं निमित्त करून १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आमच्याकडे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या मुलखातलं लाकूड मात्र गिरगाव-काळबादेवीच्या माड्यांना टेकू देत उभं राहिलं.

कपाट ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २२ इंच खोल. खिळ्यांची भोकं, चिरा, पट्ट्याची घट धरून एक तृतीयांश लाकूड गेलं. म्हणून दारं, पुढची चौकट आणि फळ्या सागाच्या. बाजू आणि पाठ ७१० मार्कच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची. हे बाईंना आधीच सांगितलं. सबंध सागवानी कपाट म्हणून पाठीला काय लावतात, ते आम्हाला विचारा.

त्यांच्या मुलाला भीती होती की भरीव लाकडाची दारं जुलैत अडकतात. त्याच्या आधीच्या घरात तसंच झालं होतं. साग कमी फुगतो, पण फुगतो. १८ इंच रुंदीची फळी जानेवारीपासून जुलैपर्यंत साधारण एक सूत वाढते, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ती चौकटीत सरसाने किंवा खिळ्याने जखडली की एक तर फाटते नाही तर दार वाकवते. म्हणून पॅनेल खाचेत नुसतं बसवायचं, दोन्ही बाजूंना जागा सोडायची, चिकटवायचं नाही. फळ्या ३ फुटांच्या, त्यावर पैठण्यांचे गठ्ठे. तेवढ्या लांबीत एक इंचाची फळीसुद्धा काही वर्षांत पोट सोडते, म्हणून मध्ये उभा आधार दिला. लिफ्टमध्ये ७ फुटी सांगाडा मावेना, सगळं सुटं नेऊन वर जोडलं. सोसायटीत ठोकाठोकीला १० ते ५ एवढीच वेळ, त्यातही दुपारी वॉचमन वर येऊन जायचा. बाहेरच्या भिंतीपासून एक इंच अंतर ठेवलं. नव्या टॉवरची भिंतही पावसात ओल धरते, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

एका तुळईला पाळण्याच्या कडीचं आरपार भोक होतं, भोवती लोखंडाने काळा पडलेला रुपयाएवढा डाग. बाईंनी बजावलं होतं, हे बुजवायचं नाही. मी ती फळी मधल्या कप्प्याला लावली आणि पॉलिशवाल्याला सांगायला विसरलो. त्याने नेमाने लांबी (पुट्टी) भरून, घासून, वर मेलामाइनचा हात मारला. बाई बघून काही बोलल्या नाहीत, तेच वाईट. तिथेच उकिडवा बसून पटाशीने सगळी लांबी कोरून काढली. अर्धा तास लागला.

आता मुद्द्याचं. बीडीडी चाळी काँक्रीटच्या, तिथे हा प्रश्न फारसा नाही. पण १९४० च्या आधीच्या पगडीच्या, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींत तुळया, वासे, पाटण, जिने असं भरपूर सागवान आहे. मालकी घरमालकाची, हे मला ठाऊक आहे. भाडेकरूला फुकट द्या असं म्हणत नाही. पण करारनामा होताना लाकडाची मोजणी व्हावी, आणि ठेकेदाराला व्यापारी जो भाव देतो त्याच भावात रहिवाशाला हवी तर एखादी तुळई मिळावी, पावतीसकट. आज तेच लाकूड 'जुनं बर्मा' म्हणून विकलं जातं, हॉटेलांच्या भिंतींना लागतं, आणि त्याखाली साठ वर्षं राहिलेला माणूस पार्टिकल बोर्डाचं कपाट हप्त्यांवर घेतो. करारात हे एक कलम घालायला कुणाची हरकत असावी असं वाटत नाही.

माझ्या गाळ्यासमोरच्या तीन मजली इमारतीची बोलणी सध्या चालू आहेत. दोघा रहिवाशांना मी जाऊन सांगितलं. एकाने विचारलं, "मिस्त्री, खिळे कोण काढणार?" मी काढीन. पट्ट्याचे पैसे मात्र या वेळी अर्धे अर्धे.

आपला,
एक सुतार, शिवडी