बाबा, मी नर्स नाही

मेलबर्न

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा मामांना सांगत होतात ना, 'पोरगी तिकडं हॉस्पिटलात नर्स आहे'? फोन चालूच राहिला होता, ऐकलं मी. मी नर्स नाही हो. सुई टोचायचं, औषध ठरवायचं काम माझं नव्हे. इथं आम्हाला सपोर्ट वर्कर म्हणतात, म्हणजे रोजच्या कामांत सोबत करणारी. आपल्याकडे याला नावच नाही, कारण घरातली एखादी बाई हे फुकटात करत असते.

एनडीआयएस नावाची अपंगांसाठीची सरकारी योजना आहे, 2013 पासूनची. नुसतं हात-पाय-डोळ्यांचं अपंगत्व नाही, स्किझोफ्रेनियासारख्या मनाच्या आजारानं रोजचं जगणं झेपेनासं झालं तर तेही त्यात धरतात. पैसा त्या माणसाच्या नावावर मंजूर होतो आणि त्यातून माझे तास घेतले जातात. मी नको असेन तर तो दुसरी कुणी मागू शकतो. पूर्वी अशी माणसं मोठमोठ्या इस्पितळांत जन्म काढायची. इथल्या क्यू भागातलं तसलं एक 1988 मध्ये बंद झालं. आता त्या भिंतींच्या आत फ्लॅट आहेत, चांगले महागडे!

माझ्याकडे एक गृहस्थ आहेत, पन्नाशीचे, एकटे राहतात. नाव सांगता येत नाही, नियम कडक आहे. स्किझोफ्रेनियावरची क्लोझापीन नावाची गोळी घेतात. तिच्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात आणि पुढं महिन्याला. सकाळी अकरापर्यंत त्यांचे डोळे उघडत नाहीत, उशी लाळेनं भिजलेली असते. शेजारी आळशी म्हणतात. आळस कसला, गोळी जड आहे.

पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. ते झोपलेले, सिंक भांड्यांनी भरलेलं. मला बघवेना. आई, तुझंच वळण! भांडी घासली, ओटा लख्ख केला, कान तुटलेला एक निळा मग कचऱ्यात टाकला. पुढच्या आठवड्यात दार उघडलंच नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. तिसऱ्या खेपेला आतून आवाज आला, "माझा मग कुठाय?"

मी पायरीवर बसून दाराशीच माफी मागितली. वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "त्यांना विचारलं होतंस?" त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ते घासतात, मी पुसते. कधी एकच पेला होतो आणि मग ते बाहेर जाऊन सिगरेट ओढत बसतात. मी थांबते. हात शिवशिवतात, पण थांबते. परवा चाळीस मिनिटांत दोन कप आणि एक ताटली झाली. नोंदीत मी तेवढंच लिहिलं, आणि ट्राममध्ये बसल्यावर उगीचच खूश होते.

आई, धाकट्या काकांचं ताट तू तीस वर्षं मागच्या खोलीत नेऊन देतेयस. हा टोमणा समजू नकोस, तुझ्याइतकं कुणी केलं नसतं. पण मी दिवाळीला येतेय, तर त्यांच्यासाठी काय आणू ते त्यांनाच विचार. 'त्याला काय कळतंय' असं बाबा म्हणतील, म्हणू देत. उत्तर यायला दोन दिवस लागले तरी चालेल, फक्त मध्ये तू सुचवू नकोस. जे म्हणतील ते तसंच्या तसं मला कळव.

तुमची,
ताई