तुझी ठेव का नको म्हणाले

प्रिय भिडू,

"बँक जास्त जवळची असेल तर बँकेकडे जा," असं म्हणून तू फोन ठेवलास, त्याला आज चार दिवस झाले. मी परत लावला नाही. तोंडी मला हे धड सांगता आलं नसतं. हल्ली बोलता बोलता पुढचाच शब्द हरवतो आणि मग मी रडते, आणि मी रडले की तू लगेच माफ करतेस. तसं नको होतं.

तर आधी बातमी. बँकेचं शिक्षणासाठीचं कर्ज मंजूर झालं, पहिल्या सत्राची फी भरली, दोन शनिवार वर्गातही बसून आले. मागच्या बाकावर, कारण पुढच्या बाकात पोट मावत नाही.

तू म्हणालीस, बाळ होऊ दे, मग शिक. सगळेच म्हणतात. पण दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिताना मी किती जणांना वर जाताना पाहिलंय, तुला माहीत आहे. ज्यांना नोंदी कशा करायच्या ते मी शिकवलं, तीच मुलं आता माझ्या नोंदींवर सही करतात, कारण त्यांच्याकडे तो एक कागद आहे. प्रवेशाचं पत्र आणि ती गोड बातमी एकाच आठवड्यात आली. मी दोन्ही समोर ठेवून बसले आणि जाणवलं की 'नंतर' म्हटलं तर ते नंतर येणार नाही. मूल लहान असेल, मग शाळेत जाईल, मग दुसरं काहीतरी निघेल. नवरा म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हटलं, पाय आधीच इतके सुजलेत की कुठलंच अंथरूण पुरायचं नाही.

आता तुझ्या पैशांबद्दल. मुदतीआधी ठेव मोडून तू द्यायला निघाली होतीस, व्याज बुडालं तरी चालेल म्हणालीस. आणि वर, "परत द्यायची घाई नाही, जमेल तेव्हा दे." तिथेच माझ्या पोटात गोळा आला. (बाळाव्यतिरिक्त.) तुला माझ्या मावसभावाचं आठवतं? त्याला मी असंच दिलं होतं, जमेल तेव्हा म्हणून. रक्कम फार नव्हती. पण तो फोन उचलताना अडखळायला लागला, आणि मी काय करायला लागले? त्याच्या पायात नवे बूट दिसले की मनातल्या मनात किंमत लावायची. मी! कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. पैसे पुढे परत आले, पण ती बूट बघायची सवय काही लगेच गेली नाही. तू तशी वागणार नाहीस, ठाऊक आहे. मी मात्र वागेन. बाळासाठी एखादं झबलं घेतलं तरी ते तुझ्यापासून लपवेन. बँकेचा साहेब मला झबलं घेताना पाहणार नाही, आणि पाहिलं तरी त्याला हप्त्याशी मतलब.

आणि मी डोळे मिटून सही केलेली नाही. एका खाजगी सावकारी कंपनीचा माणूस १० टक्के म्हणत होता, बँक १२. नवरा अर्थातच १० कडे झुकला. पण ते १० सपाट होते, म्हणजे अर्धं कर्ज फेडून झालं तरी व्याज मूळ पूर्ण रकमेवर. शंभराला तीन वर्षांत एकशेतीस, छत्तीस सारखे हप्ते. मी रात्री मांडून पाहिलं. घटत्या शिलकेच्या हिशेबाने, म्हणजे बँकेसारखं उरलेल्या कर्जावरच व्याज धरलं तर, तो दर जवळजवळ १८ टक्के पडतो. सकाळी चहाच्या कपाखाली कागद ठेवला, नवऱ्याने वाचला आणि तो विषय परत काढला नाही.

दुसरी मेख सवलतीच्या मुदतीत आहे. अभ्यासक्रम चालू असताना हप्ता नाही हे ऐकायला गोड, पण व्याज काही झोपत नाही. सगळे शंभर आजच उचलले आणि दोन वर्षं काहीच भरलं नाही, तर दरमहा चक्रवाढीने १२ टक्क्यांचे १२७ होतात. म्हणून मी चारही सत्रांचे पैसे एकदम न घेता फी भरायच्या वेळी पंचवीस-पंचवीस उचलायचे ठरवलंय. तसं केलं तर काही न भरताही आकडा ११६ च्या आसपास थांबतो. आणि व्याज तेवढं दर महिन्याला भरत गेले तर शंभराचे शंभरच राहतात, खिशातून दोन वर्षांत मिळून १५ जातात. पुढे पाच वर्षांचा हप्ता शंभराला २.२२ बसतो, ११६ वर तोच २.५९. फरक छोटा दिसतो, पण साठ वेळा द्यायचा आहे. नोकरी चालू आहे तोवर व्याज भरणार. रजेत पगार कमी झाला तर तेवढे महिने सोडणार, आणि ती तजवीज मी बँकेकडून लेखी घेतली आहे. साहेब म्हणाले, "तोंडी सांगितलं तरी चालतं की." मी हसले आणि कागद पुढे सरकवला.

खरी पंचाईत तारखांची आहे. डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख आणि पहिल्या सत्राची परीक्षा यांत फक्त अकरा दिवस. ठरल्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच, तेव्हा ते अकरा दिवस आहेत की उणे तीन, कोण सांगणार? पहिल्यांदा वाटलं, देऊन टाकू. मग एका रात्री उठून बसले, मांडीवर पुस्तक, आतून लाथा, आणि स्वतःलाच विचारलं, कुणाला दाखवायचं आहे हे? शस्त्रक्रिया करावी लागली तर टाके भरून यायलाच आठवडे जातात. पेपर सोडला. चार महिन्यांनी फेरपरीक्षा आहे. अभ्यासक्रम लांबला तर बँकेचा हप्ताही पुढे सरकेल, फक्त संस्थेचं पत्र वेळेत पोचवायला हवं. व्याज अर्थात चालूच.

आणि आता मागणं. फेरपरीक्षेला बाळ जेमतेम चार महिन्यांचं असेल, फक्त दुधावर. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं म्हणे. तोवर थोडं कमी झालं तरी तीन तासांच्या पेपरात एक पाळी येणारच. पेपर तीन आहेत, सकाळी दहा ते एक. नवऱ्याला त्या आठवड्यात सुट्टी मिळेलच असं नाही, आणि तो रडणारं बाळ बघून स्वतःच रडवेला होतो. तू येशील? परीक्षेच्या इमारतीत एखादी खोली मिळते का ते मी विचारते आहे. दूध आधीच काढून बाटलीत ठेवीन, कपडे, दुपटी, सगळी पिशवी भरून देईन. तुला फक्त त्याला किंवा तिला घेऊन बसायचंय, आणि मी बाहेर आले की पेपर कसा गेला हे विचारायचं नाही.

तारखा लागल्या की कळवते. तोवर फोन उचल.

तुझीच,
मी