लॉगआउट खरोखर होते का?

महोदय,

संकेतस्थळांच्या सुरक्षिततेविषयी लिहिताना बहुतेकांचा भर पासवर्ड किती अवघड असावा, यावरच असतो. वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि त्या अनुभवावरून, पासवर्ड बरोबर ठरल्यानंतर जे घडते त्याची चर्चा फार कमी होते, असे मला वाटते.

एचटीटीपी हा ब्राउझर आणि सर्व्हर (संकेतस्थळ चालवणारा संगणक) यांच्यातील संवादाचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच, मुळात विसराळू आहे. ब्राउझरची प्रत्येक विनंती त्याच्या लेखी नवीच असते. ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेल्या छोट्या नोंदीची, कल्पना मांडली. आज लॉगिन झाल्यावर सर्व्हर अंदाज बांधता येणार नाही असा सेशन आयडी (त्या लॉगिनपुरती ओळखखूण) तयार करून स्वतःकडे नोंदवतो आणि तोच कुकीतून ब्राउझरकडे पाठवतो. पुढची सारी ओळख याच आयडीवर चालत असल्याने तो ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डची गरजच उरत नाही. २०१० मध्ये फायरशीप या फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनने, खुल्या वायफायवरून दुसऱ्याच्या कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरणे किती सोपे आहे, हे जगाला दाखवून दिले होते. एचटीटीपीएस (एचटीटीपीचे सांकेतिक, सुरक्षित रूप) सर्व पानांवर हवे, कुकीला सिक्युअर (ती फक्त एचटीटीपीएसवरूनच जावी यासाठी) आणि एचटीटीपीओन्ली (पानावरील स्क्रिप्टला ती वाचता येऊ नये यासाठी) या खुणा हव्यात आणि लॉगिन होताच आयडी बदलायला हवा, एवढे आता बहुतेकांना ठाऊक असते.

दुर्लक्ष होते ते लॉगआउटकडे. अनेक ठिकाणी ते बटण ब्राउझरमधील कुकी तेवढी पुसते आणि सर्व्हरवरची नोंद तशीच जिवंत राहते (ही चूक मीही एकदा केली आहे, आणि ती बरेच दिवस कोणाच्या लक्षात आली नव्हती). सर्व्हरवर नोंदच न ठेवता डिजिटल सही केलेल्या टोकनवर (ब्राउझरकडेच राहणाऱ्या ओळखपत्रावर) विसंबणाऱ्या रचनेत तर दिलेले टोकन मुदतीआधी परत घेण्याची सोयच नसते. ती हवी असल्यास रद्द टोकनांची यादी ठेवावी लागते, म्हणजे टाळलेली नोंद पुन्हा आलीच. पासवर्ड बदलल्यावरही इतर उपकरणांवरील जुनी सेशन्स चालू राहणे हा याच दुर्लक्षाचा दुसरा प्रकार.

तेव्हा अ‍ॅप्लिकेशन करवून घेणाऱ्यांनी ते ताब्यात घेण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी: लॉगिन असताना सेशनची कुकी उतरवून ठेवावी, लॉगआउट करावे, तीच कुकी ब्राउझरमध्ये परत घालून आतले पान उघडून पाहावे. पान उघडले, तर काम पुरे झालेले नाही असे समजून ते परत पाठवावे.

आपला,
एक संगणक अभियंता