गडकरी साहेब, आरटीओच्या कॅम्पसोबत भंगाराची ट्रॉलीही पाठवा

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यात गॅरेज चालवतो. जुनी वाहनं मोडीत काढायचं तुमचं धोरण २०२१ साली आलं. पुढच्याच वर्षी पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी नव्याने करायचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. धोरणाशी माझं भांडण नाही. शुल्क गावापर्यंत पोचलं, सोय पोचली नाही, एवढंच म्हणणं आहे.

इकडे म्हातारी गाडी कशी संपते ते सांगतो. काळी-पिवळीत राबलेली कमांडर असो की मास्तरांची ओम्नी, शेवटी कबाडी येतो आणि वजनावर भाव करतो. नाल्याच्या काठी गॅस कटर लागतो. चेंबरचा नट खोलला की तीन-चार लिटर काळं ऑइल थेट मातीत. एसी असेल तर पाइप कापून गॅस सोडून देतात. तो आर-१३४ए वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. शिशासाठी बॅटरी फोडतात, अ‍ॅसिड तिथेच ओततात, आणि पाच पावलांवर शेळ्या पाणी पितात. तांब्यासाठी वायरी जाळतात. टायर पावसाळाभर पाणी धरून पडतात, डेंग्यूच्या डासांची सोय होते.

जुन्या गाड्या मोडायच्या नोंदणीकृत केंद्रात ऑइल, गॅस, बॅटरी आधी काढून घेतात, पत्र्याला हात नंतर. तो पत्रा भट्टीत गेला तर फायदा आपल्या विदर्भाचाच आहे. एक टन भंगारापासून पोलाद केलं की जवळपास १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. खनिज गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातून निघतं, कोळसा वणी-चंद्रपूरच्या खाणींतून. तिथली धूळ कोण खातं, ते तुम्हाला सांगायला नको.

चालती, धड गाडी मोडा असं मी म्हणत नाही. नवी बनवायलाही कोळसा जळतोच. बोलतोय ते मेलेल्या गाड्यांबद्दल, आणि त्यात सरकारी गाड्याही आल्या. पंधरा वर्षांवरच्या शासकीय गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली. बोनेटमधून बाभूळ उगवलेली जीप मात्र एका कार्यालयाच्या आवारात मी आजही बघतो.

लोक केंद्रात का जात नाहीत? बंद गाडी टोचन करून शहरात न्यायची म्हणजे भंगाराचे पैसे टोचनातच गेले. कबाडी दारात रोख मोजतो. गाडी जमा केली की केंद्र ठेव प्रमाणपत्र देतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा राज्यांना आहे म्हणे, पण ओम्नीवाला पुढची गाडीही जुनीच घेणार. ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं असं सांगितलं, की गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयाने बघतं.

लायसन्ससाठी आरटीओचा कॅम्प तालुक्याला लागतोच. त्याच दिवशी केंद्राची ट्रॉली येऊ द्या. आरसी तिथेच रद्द, पैसे खात्यात, प्रमाणपत्र हातात. आणि कबाड्याला हाकलू नका. कोणाच्या गोठ्यामागे कोणती गाडी सडतेय हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. त्यालाच गोळा करायचं काम द्या, ऑइलसाठी पिंप द्या, हातमोजे द्या. २०२५ च्या नियमांनी मोडीत निघणाऱ्या वाहनांची जबाबदारी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, खर्च त्यांच्याकडून घ्या. (शेतीचे ट्रॅक्टर त्या नियमांतून वगळलेत. त्यांचं काळं ऑइल काय वेगळं असतं?)

आता जुनी गाडी दान करण्याचं. आयटीआय करून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पोरांनी फ्युएल इंजेक्शन हाताने कधी खोललेलं नसतं. त्यांच्यासाठी जुनी गाडी फुकट द्यायला लोक तयार आहेत, घाबरतात ते कागदाला: नाव माझंच राहिलं आणि उद्या चलान आलं तर? देणाऱ्याची आरसी रद्द होऊन आयटीआयची पावती मिळेल, असा एकपानी अर्ज काढा. पोरं ती गाडी दोन-तीन वर्षं खोलतील, जोडतील. स्टार्टर, आल्टरनेटर धड निघाला तर दुसऱ्या गाडीला लागेल. उरलेला सांगाडा ट्रॉलीत चढेल.

पहिला कॅम्प मृगाच्या आधी लावा. एकदा नाले वाहायला लागले की काठावरचं सगळं ऑइल नदीत जातं. गाड्या उभ्या करायला जागा लागली तर माझ्या गॅरेजमागचं आवार मोकळं आहे. भाडं नको.

आपला,
एक गॅरेजवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ