चिठ्ठीवर नुसते 'कंबरदुखी' लिहून भागत नाही

संपादक महोदय,

शंका मणक्यातल्या जंतुसंसर्गाची असते, पण एमआरआयच्या चिठ्ठीवर 'कंबरदुखी' एवढाच शब्द असतो. मग तंत्रज्ञ दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीसाठीचाच चित्रांचा ठरलेला क्रम लावतो: फक्त कंबरेचा भाग, चित्र ठळक करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन नाही. ताप, रात्री झोप मोडणारे दुखणे, वाढलेला ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या), मधुमेह, डायलिसिस, पूर्वीचा क्षय, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांतले जे असेल ते चिठ्ठीत दोन ओळींत लिहिले तर तपासणीच बदलते.

हाडाच्या मज्जेतल्या चरबीमुळे प्रौढांचा निरोगी मणका 'टी-वन' या प्रकारच्या एमआरआय चित्रात उजळ दिसतो. संसर्गाची सूज आली की तो काळवंडतो, आणि चरबीची चमक दाबणाऱ्या 'स्टर' चित्रात तीच जागा चकाकते. म्हणून स्टर हवेच, आणि तेही इंजेक्शनच्या आधी. इंजेक्शनमधले औषध, गॅडोलिनियम, दिल्यानंतर स्टर घेतले तर औषध शोषलेल्या आजारी भागाची चमकच दाबली जाऊ शकते. नंतर घ्यायचे ते चरबी दाबलेले टी-वन. गॅडोलिनियमची नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी कळवावे. या चित्रात पू साठला असेल तर फक्त कड उजळते आणि मधला भाग काळा राहतो. नुसती सुजलेली ऊती असेल तर सगळाच भाग उजळतो. मज्जारज्जूलगत गळू आहे का, हे यावरून ठरते. पायांतली ताकद कमी होत असेल किंवा लघवी अडत असेल तर हे त्याच दिवशी कळायला हवे.

संपूर्ण कण्याचे उभे छेदही घ्यावेत. क्षयात मधले मणके धडधाकट सोडून दूर दुसरे केंद्र असू शकते. फक्त कंबर पाहिली तर ते सुटते.

साध्या एक्स-रेवर विसंबू नये. हाडाचा साधारण ३० ते ४० टक्के खनिजांश गेल्याशिवाय त्यात काही उमटत नाही, आणि त्याला काही आठवडे लागतात. अगदी सुरुवातीचा एमआरआयसुद्धा फसवू शकतो. शंका दाट असेल तर एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा करावा.

सर्वाधिक गोंधळ होतो तो झिजेमुळे आलेल्या सुजेशी. तिथेही गादीच्या दोन्ही बाजूंचे मणके असेच दिसतात. पण झिजलेली गादी 'टी-टू' या पाणी उजळ दाखवणाऱ्या चित्रात बहुधा काळी असते. संसर्गात ती पाण्यासारखी उजळते आणि मणक्याच्या कडेची बारीक काळी रेघ तुटते. कर्करोग पसरलेला असेल तर गादी सहसा शाबूत राहते. क्षयात ती बराच काळ टिकते, पू पुढच्या अस्थिबंधाखालून सरकत जातो, आणि गळवाची भिंत पातळ व गुळगुळीत असते. इतर जंतू गादी लवकर खातात. त्यांच्या गळवाची भिंत जाड आणि ओबडधोबड असते. तरीही चित्रावरून जंतूचे नाव सांगता येत नाही. रिपोर्टात 'क्षय' वाचून थेट औषध सुरू करणे आम्हाला पटत नाही.

जंतू ओळखण्यासाठी बहुधा सीटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून नमुना घ्यावा लागतो. रक्तदाब ढासळलेला नसेल आणि लकव्याची चिन्हे नसतील, तर नमुना घेईपर्यंत प्रतिजैविके थांबवावीत; आधी दिली तर कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) कोरे येण्याची शक्यता वाढते. दुसरी चूक त्याहून साधी: सगळा नमुना फॉर्मालिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मालिनने जंतू मरतात, मग कल्चर कशाचे करणार? एक भाग निर्जंतुक डबीत कल्चर, क्षयाचे कल्चर आणि सीबीनॅट या क्षयाच्या जनुकीय चाचणीसाठी, दुसरा फॉर्मालिनमध्ये पेशीतपासणीसाठी. डब्या सुई घालण्यापूर्वीच लेबल लावून तयार ठेवाव्यात.

उपचार सुरू झाल्यावर रुग्णाला बरे वाटत असेल आणि सीआरपी उतरत असेल, तर महिन्याभरात पुन्हा एमआरआय करण्याची घाई नको. हाडातली सूज रुग्ण बरा होत असतानाही तशीच दिसते, कधी वाढलेलीही, आणि औषध उगाच बदलले जाते. तपासणी करावीच लागली तर आजूबाजूचे गळू आणि मज्जारज्जूलगतचा पू किती घटला ते पाहावे. तुलनेसाठी जुन्या तपासणीची सीडी सोबत आणावी. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून मापे जुळवता येत नाहीत.

– एक रेडिओलॉजिस्ट