चापडगावच्या काठावर भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओळखीतलं कुणी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल, अशी आशा आहे. खूण सांगते. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, जानेवारीतला रविवार, चापडगावची बाजू. निरीक्षण मनोऱ्याच्या जरा अलीकडे, पाणकणसांसमोर तुम्ही ट्रायपॉड लावून उभे होतात. ५०० एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, तिला घरी शिवलेलं खाकी कापडाचं कव्हर. आणि तुमच्यापासून दहा पावलांवर जिची लेन्स धाडकन पुढे कलंडली, ती मी.

माझी २००-५०० एमएमची झूम लेन्स तेव्हा नवीन होती. लेन्स २ किलो ३०० ग्रॅम, त्यावर निकॉन डी ५०० कॅमेरा, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. खाली बॉल हेड, म्हणजे ट्रायपॉडवरचा गोळ्यावर फिरणारा माथा. 'दहा किलो पेलतं' असं खोक्यावर छापलेलं वाचून मी ते विश्वासानं घेतलं होतं. तो आकडा घट्ट आवळलेल्या हेडचा असतो, लेन्स सैल सोडून उडत्या पक्ष्यामागे फिरवताना काय होईल याच्याशी त्याचा संबंध नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नॉब जरा ढिला केला आणि सगळं वजन पुढे गेलं. लेन्सच्या तोंडावरचं हूड ट्रायपॉडच्या पायावर आपटलं, मधे माझं बोट सापडलं.

तुम्ही आधी बोट पाहिलंत. मग लेन्स. मग म्हणालात, "ताई, नॉब आवळून वजन थांबवायचं नसतं. वजन आधी तोलायचं, मग नॉबला फारसं काम उरत नाही."

आणि तुम्ही तुमची लेन्स गिंबलवरून, म्हणजे जड लेन्स तोलून धरणाऱ्या ट्रायपॉडच्या माथ्यावरून, उतरवलीत. काका, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या एका गोष्टीचे. सूर्य नुकताच वर आला होता. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसांवरून खालून खालून घिरट्या घालत होता, वारकरी पक्ष्यांचा थवा पाणी उडवत पळत होता. त्या उजेडासाठी तुम्ही अंधारात घर सोडलं असणार. तो उजेड तुम्ही एका अनोळखी बाईला शिकवण्यात घालवलात, आणि एकदाही पाण्याकडे वळून पाहिलं नाहीत.

तुमची कावडीची उपमा मी आता इतरांना सांगते. दोन्ही घागरी सारख्या भरल्या की खांद्याला कावड जड वाटत नाही. बॉल हेडमध्ये लेन्स बॉलच्या वर बसते, त्यामुळे जरा कलली की वजन तिला आणखी खाली ओढतं. गिंबलमध्ये लेन्स पाळण्यासारखी बाजूच्या आसाला धरून असते, आणि वजनाचा मध्य त्या आसावरच आणता येतो. मग वर केली तर वर राहते, खाली केली तर खाली.

पण तो मध्य आणायचा कसा, हे तुम्ही माझ्या हातून करून घेतलंत. झूम पूर्ण ५०० वर, कारण ही लेन्स झूम करताना लांब होते आणि तोल पुढे सरकतो. जिथे जास्त वापरायची तिथेच तोलायची. हूड लावलेलं, झाकण काढलेलं, फोटो काढताना असते तशी. डावा हात लेन्सखाली, तो अजिबात सोडायचा नाही. वरखालीचा नॉब ढिला. कॅमेऱ्याची बाजू खाली गेली तर लेन्स पकडीत पुढे सरकवायची, हूडची बाजू खाली गेली तर मागे. आडवी स्थिर राहिली की अर्धं काम झालं. मग ती ४५ अंशांवर वर करून हात अलगद सैल करायचा. आपणहून आणखी कलली तर वजन आसाच्या वर आहे, लेन्स जिच्यावर बसते ती गिंबलची बैठक खाली घ्या. झोका घेऊन परत आडवी आली तर वजन आसाच्या खाली आहे, बैठक वर घ्या. ही दुसरी पायरी बरेच जण करतच नाहीत आणि मग गिंबलला नावं ठेवतात.

माझ्या लेन्सखालची, गिंबलच्या पकडीत बसणारी आखूड प्लेट सरकायला जागाच देत नव्हती. तुम्ही बॅगेतून तुमची लांब प्लेट काढलीत, दोन स्क्रूंनी बसवलीत आणि टोकांचे बारीक स्टॉपर दाखवून म्हणालात, "हे कधी काढू नका. पकड सैल राहिली तर लेन्स यांच्यामुळेच वाचते."

मग मला तुमच्या गिंबलवर उभं केलंत. डोळा कॅमेऱ्याच्या आयकपला टेकलेला, डावा हात लेन्सच्या पाठीवर, दोन्ही नॉब किंचित अडतील इतपतच. भोवत्या डावीकडून आला आणि लेन्स त्याच्याबरोबर वळली. मला वजन जाणवलंच नाही. हातात धरून मी एक-दोन मिनिटांत थकत असे, आणि पक्षी नेमका त्यानंतर येत असे. त्या सकाळी मी अर्धा तास फ्रेममधून डोळा न काढता पाहत राहिले. तो पाय खाली सोडून क्षणभर हवेत थबकतो आणि पाणकणसांत उतरतो, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढच्या महिन्यात मी गिंबल घेतलं. ते स्वतःच दीड किलोच्या घरात आहे. चालताना खांदा बोलतो, पण उभं राहिल्यावर तक्रार उरत नाही. ट्रायपॉड आधी पाणसळीत आणते, कारण तो कललेला असला तर लेन्स वळवताना पाण्याची रेषाही तिरकी होत जाते. मधला खांब वर काढत नाही. जागा बदलताना दोन्ही नॉब आवळते. हे सगळं तुमचंच.

तुमची प्लेट अजून माझ्या लेन्सखाली आहे. तुम्ही "राहू द्या" म्हणालात तेव्हा मी नुसती मान हलवली, पैसे विचारायचंही सुचलं नाही. आता तशीच नवी प्लेट आणून ठेवली आहे, स्टॉपरसकट. हिवाळ्यात बहुतेक रविवारी मी त्याच जागी असते, उजाडायच्या आधीपासून. तुम्ही आलात तर तुमची लेन्स लावा आणि फोटो काढा. तुमची ती सकाळ माझ्याकडे राहिली आहे.

तुमची,
बोट सापडलेली ताई